207 कोटी डॉलरचा गल्ला : रात्री, खुर्च्या आणि दर

राजारामपुरीतल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे : टेलर स्विफ्टच्या ‘द इरास टूर’ने साडेसतरा हजार कोटी रुपयांच्या घरात कमाई केली असे वाचले. एवढा पैसा नुसत्या तिकिटांतून येतो कसा, तो सगळा गायिकेच्याच हाती पडतो का, तिला आता मायकल जॅक्सनहून मोठी म्हणायचे का, आणि आपल्याकडचा एखादा कलाकार असा दौरा का काढू शकत नाही? मी कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षे नाटके, वाद्यवृंद आणि गाण्यांचे कार्यक्रम लावतो. माझा व्यवहार लाखांतला आणि हा अब्जांतला, तरी गणिताची मांडणी तीच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ‘कमाई’ हा शब्द बाजूला ठेवू. वर्तमानपत्रांत छापला जातो तो आकडा गल्ल्याचा असतो, म्हणजे तिकीट विक्रीतून जमा झालेली एकूण रक्कम. 17 मार्च 2023 रोजी अमेरिकेतल्या ग्लेंडेल येथे सुरू होऊन 8 डिसेंबर 2024 रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे संपलेल्या या दौऱ्याचे 149 कार्यक्रम झाले, 1 कोटी 1 लाख 68 हजार तिकिटे गेली आणि गल्ला 207 कोटी 76 लाख डॉलर झाला. हे अंतिम आकडे दौरा संपल्यावर गायिकेच्या स्वतःच्या कंपनीने जाहीर केले. मैदानाबाहेर विकलेले टी-शर्ट, त्या कार्यक्रमाचा चित्रपटगृहांत लागलेला चित्रपट आणि तिकिटांची दुसऱ्या हाताने झालेली विक्री यांतले काहीही या आकड्यात धरलेले नाही. उलट मैदानाचे भाडे, कर, मालमोटारी, विमाने, वीज, सुरक्षा, विमा, नर्तक, वादक आणि शेकडो कामगारांचे पगार हे सगळे याच आकड्यातून जायचे असते.

मोठ्या दौऱ्यांत प्रचलित करार असा असतो की कलाकाराला एक हमी रक्कम मिळते, किंवा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेच्या 85 ते 90 टक्के, यांपैकी जे जास्त ते. आमच्याकडे ‘सुपारी’ म्हणजे ठरलेली रक्कम. गल्ला कमी पडला तर खड्ड्यात ठेकेदार, जास्त झाला तर खुशीत ठेकेदार. तिथे कलाकाराला तळाची हमीही मिळते आणि वरच्या लोण्यातला मोठा वाटाही. आयोजकाने 10 ते 15 टक्क्यांवर समाधान मानायचे आणि तेही खर्च गेल्यावर. तरीही तो हे का पत्करतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिकीट विक्रीवरचे शुल्क, मैदानांची मालकी, पार्किंग आणि खाण्यापिण्याचे ठेके यांत आहे. जगातली सर्वांत मोठी आयोजक कंपनी लाइव्ह नेशन आणि सर्वांत मोठी तिकीट कंपनी टिकेटमास्टर 2010 साली एकत्र झाल्या, आणि त्या एकत्रीकरणावर मे 2024 मध्ये अमेरिकी न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी खटला भरला तो याचमुळे.

स्विफ्टने दौऱ्यातल्या सहकाऱ्यांना एकूण 19 कोटी 70 लाख डॉलर बक्षिसी दिल्याचे वृत्त होते, आणि मालमोटारचालकांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दिल्याचेही. माझ्या टेम्पोवाल्याला हे मी अजून सांगितलेले नाही.

आता मूळ गणिताकडे येऊ. गल्ला म्हणजे रात्रींची संख्या, गुणिले दर रात्रीच्या खुर्च्या, गुणिले सरासरी दर. दौऱ्यांची यादी वाचताना या तीन आकड्यांपैकी नेमका कोणता वाढला, ते आधी पाहावे. ‘यू टू’ या आयरिश बँडचा ‘360 अंश’ दौरा जून 2009 ते जुलै 2011 या काळात 110 रात्री चालला, त्याला साधारण 72 लाख 70 हजार लोक आले आणि गल्ला 73 कोटी 64 लाख डॉलर झाला. पुढे कित्येक वर्षे हाच विक्रम होता. भागाकार केला तर दर रात्री सुमारे 66 हजार माणसे आणि तिकिटाची सरासरी 101 डॉलर. स्विफ्टच्या दौऱ्याचा भागाकार केला तर दर रात्री सुमारे 68 हजार माणसे आणि सरासरी 204 डॉलर. म्हणजे मैदानातली गर्दी जवळजवळ तेवढीच राहिली, कारण स्टेडियम काही रबराचे नसते. रात्री 110 वरून 149 झाल्या आणि दर दुप्पट झाला. मधल्या काळात अमेरिकेत सर्वसाधारण महागाई चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी वाढली असे धरले, तर 101 डॉलरचे तिकीट आजच्या भावात 145 डॉलरच्या आसपास येते. त्यावरची उरलेली वाढ ही निव्वळ मागणीची किंमत आहे.

ही मागणीची किंमत पूर्वी कोणाच्या खिशात जात असे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी मालिकेतल्या एका लोकप्रिय नटाचे नाटक मी केशवराव भोसले नाट्यगृहात लावले होते. पुढच्या ओळींचा दर 300 रुपये ठेवला, तिकीट विक्रीचा प्लॅन उघडल्यावर दोन तासांत हाऊसफुल्लचा बोर्ड लागला आणि मी समाधानाने घरी गेलो. प्रयोगाच्या संध्याकाळी खासबागेच्या खाऊगल्लीच्या तोंडाशी एक पोरगा माझीच तिकिटे 800 रुपयांना विकत होता. तिकिटांच्या गठ्ठ्याला रबर लावलेले, आणि वरच्या तिकिटावर माझ्याच रबरी शिक्क्याची जांभळी शाई. त्या एका रात्री पुढच्या ओळींतून त्याने माझ्यापेक्षा जास्त पैसे मिळवले असावेत, आणि त्याने ना भाडे भरले होते ना नटाची गाडी सांगितली होती.

परदेशातल्या आयोजकांनी हाच पोरगा हटवायचे ठरवले. मागणी वाढेल तसा दर आपोआप वाढवणारी पद्धत तिकीट विक्रीत आली. चांगल्या जागा, लवकर प्रवेश, आठवणीची भेटवस्तू असे गाठोडे करून चौपट-पाचपट दराची ‘व्हीआयपी’ तिकिटे आली. याचा रोषही झाला. 2022 मध्ये अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या काही तिकिटांचे दर 5 हजार डॉलरपर्यंत गेले तेव्हा त्याचे जुने चाहते दुखावले, आणि 2024 मध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडच्या तिकीट विक्रीची ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली. स्विफ्टच्या दौऱ्याच्या आगाऊ विक्रीला 35 लाख लोकांनी नोंदणी केली होती. 15 नोव्हेंबर 2022 रोजी संकेतस्थळावर मागण्यांचा असा लोंढा आला की यंत्रणा कोलमडली, तरी त्या एका दिवसात 20 लाखांहून अधिक तिकिटे गेली. पुढच्या जानेवारीत अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. माझे मत विचाराल तर, 800 रुपये खाऊगल्लीतल्या पोराला मिळण्यापेक्षा रंगमंचावरच्या माणसाला मिळालेले बरे. पण खरेदी करता करता पडद्यावरचा दर बदलतो, हे मात्र मला फसवणुकीच्या जवळचे वाटते. दर चढा ठेवायचा तर तो आधी बोर्डावर लिहावा.

रात्रींची संख्या हा दुसरा आकडा, आणि माझ्या मते खरी कारागिरी इथेच आहे. गायकाला थकवा येतो हे खरे, पण दौरा अडतो तो बहुधा सामानामुळे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक गाण्यांचा कार्यक्रम शनिवारी कोल्हापुरात आणि रविवारी कणकवलीत लावला होता. ध्वनियंत्रणा, लाइट आणि एलईडी वॉल यांचा संच एकच. रात्री दहाला कार्यक्रम संपला, ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा धातूचा सांगाडा, उतरवून सामान गाडीत भरेपर्यंत दोन वाजले, पहाटे गगनबावड्याच्या पुढे घाटात दाट धुके होते आणि एक टँकर वळणावर आडवा झालेला. आमची गाडी कणकवलीत पोचली ती दुपारी चार वाजता. साडेसहाचा कार्यक्रम साडेआठला उभा राहिला, ध्वनीची चाचणी प्रेक्षकांसमोरच करावी लागली आणि दहाच्या ठोक्याला माइक बंद करायचा म्हणून निम्मी गाणी गाळावी लागली. तिकिटाचे पैसे परत मागायला आलेल्या माणसांची रांग मला अजून आठवते. सर्वांत पुढे एक निवृत्त मास्तर होते आणि ते अत्यंत शांतपणे बोलत होते, तेच जास्त लागले.

त्यानंतर ‘यू टू’च्या त्या दौऱ्याविषयी वाचले तेव्हा मी कागदावर चित्र काढून पाहिले. ‘पंजा’ म्हणून ओळखला जाणारा त्यांचा चार पायांचा पोलादी सांगाडा सुमारे 50 मीटर उंच होता. असे सांगाडे त्यांनी तीन बांधले : एकाखाली आज कार्यक्रम चालू, दुसरा पुढच्या शहरात उभा होत असलेला, तिसरा मागच्या शहरातून उतरवून वाटेत. मंच मधोमध असल्यामुळे एरवी मंचाच्या पाठीमागे रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्याही विकता आल्या, म्हणजे रात्री आणि खुर्च्या हे दोन्ही आकडे एकाच युक्तीने वाढले. याची किंमतही तशीच होती. कार्यक्रम असो वा नसो, दिवसाचा खर्च साडेसात लाख डॉलर असल्याचे त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितले होते. 2010 मध्ये गायक बोनोच्या पाठीवर तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि उत्तर अमेरिकेतला टप्पा एक वर्ष पुढे ढकलावा लागला, तेव्हा त्यांच्या हिशेबनिसाची झोप कशी उडाली असेल याची कल्पना मला करता येते.

स्विफ्टच्या वेळेपर्यंत यावर आणखी सोपा तोडगा निघाला होता : सामान हलवायचेच नाही, माणसे हलवायची. एकाच मैदानात सलग रात्री. 2024 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये तिने आठ रात्री केल्या, मार्चमध्ये सिंगापूरला सहा. दक्षिण-पूर्व आशियात दुसरीकडे कुठेच नाही. सिंगापूर सरकारने त्यासाठी अनुदान दिले होते आणि शेजारच्या देशांत त्यावरून नाराजीही झाली. सहा रात्रींत मंच एकदाच उभा राहतो आणि एकदाच उतरतो; विमानाचे भाडे, हॉटेल आणि व्हिसाचा खर्च प्रेक्षक आपल्या खिशातून करतो, आणि तो गल्ल्यात दिसत नाही. आपल्याकडे तमाशाचा फड गावोगाव फिरतो. इथे गावेच फडाकडे चालत आली. ब्रिटिश गायिका ॲडेलने ऑगस्ट 2024 मध्ये म्युनिकला खास तात्पुरते मैदान बांधून दहा कार्यक्रम केले, त्यातही हाच विचार होता.

याच्या अगदी उलट टोकाला ब्रिटिश गायक एड शीरन उभा आहे. 2017 ते 2019 या काळातल्या त्याच्या दौऱ्याने 77 कोटी 62 लाख डॉलरचा गल्ला करून ‘यू टू’चा विक्रम मोडला, पण कार्यक्रम अडीचशेहून अधिक आणि प्रेक्षक 89 लाख, म्हणजे सरासरी दर 87 डॉलरच्या आसपास, ‘यू टू’पेक्षाही कमी. मंचावर एक माणूस, एक गिटार आणि पायाखाली स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारे लूप पेडल. खर्च कमी, म्हणून दर कमी ठेवता आला आणि रात्री वाढवता आल्या. आयोजक म्हणून मला हा दौरा सगळ्यांत जास्त आवडतो. एल्टन जॉनचा निरोपाचा दौरा सप्टेंबर 2018 पासून जुलै 2023 पर्यंत, मध्ये कोरोनाचा खंड पडूनही, 330 रात्री चालला आणि 93 कोटी 91 लाख डॉलरवर थांबला. ‘शेवटची संधी’ या दोन शब्दांना तिकीट खिडकीवर किती वजन असते ते त्यात दिसते, पण त्याच्या तपशिलात मी शिरत नाही.

आता मायकल जॅक्सन. 1987 ते 1989 मधल्या त्याच्या ‘बॅड’ दौऱ्याचे 123 कार्यक्रम झाले, 44 लाख लोक आले आणि गल्ला साडेबारा कोटी डॉलर झाला. म्हणजे तिकीट सरासरी 28 डॉलर, आजच्या भावात पाऊणशे. माणसे त्याच्याकडे कमी आली असे नव्हे, तिकीटच स्वस्त होते, आणि ते स्वस्त ठेवणे त्या काळी शहाणपणाचे होते. खरा पैसा कॅसेट आणि रेकॉर्डमध्ये होता. दौरा ही त्यांची जाहिरात असे. 1999 नंतर इंटरनेटवर गाणी फुकट फिरू लागली, रेकॉर्डचा धंदा दीड दशक आक्रसत गेला, आणि नाते उलटे झाले : आता गाणे ही दौऱ्याची जाहिरात आहे. त्याआधीच 1989 मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या ‘स्टील व्हील्स’ दौऱ्यात टोरांटोच्या मायकल कोल या आयोजकाने शहरवार ठेकेदारांना बाजूला सारून अख्खा दौरा एकहाती विकत घेतला होता, मैदान, तिकीट, टी-शर्ट आणि प्रायोजक सगळे एका वहीत. आजच्या अब्जांच्या दौऱ्यांची वही तीच आहे. जॅक्सन 1 नोव्हेंबर 1996 रोजी मुंबईत अंधेरीला आला तेव्हा आपल्याकडे चर्चा गल्ल्याची कमी आणि करमणूक कराच्या माफीची जास्त झाली. तो वाद पुढे कित्येक वर्षे न्यायालयात राहिला.

म्हणून गल्ल्याच्या यादीवरून कोण मोठे हे ठरवू नका. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 2022 साली सुरू झालेल्या दौऱ्याला स्विफ्टपेक्षा जास्त माणसे आली, तरी गल्ल्यात तो तिच्या मागे आहे, कारण दर कमी होते. रोलिंग स्टोन्सनी फेब्रुवारी 2006 मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर गायन केले, दहा लाखांहून अधिक लोक जमल्याचे अंदाज होते, आणि गेटवरचा गल्ला शून्य, कारण प्रवेश मोफत होता. आपल्या यात्रांचेही तसेच आहे. नारायणगावच्या राहुटीत बसून गावकारभारी तमाशाची सुपारी देतात, पैसे गावच्या वर्गणीतून येतात, आणि रात्री मैदानात जमलेल्या हजारो माणसांपैकी एकाच्याही हातात तिकीट नसते. हे हिशेब कुठल्याच यादीत चढत नाहीत.

चढ्या दराची कल्पनाही काही परदेशी नव्हे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि आमचे कोल्हापूरचे केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकात एकत्र उभे राहिले, तेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठी नेहमीपेक्षा कितीतरी चढे दर लावले होते आणि लोकांनी ते दिले. दोन प्रतिस्पर्धी, एक रात्र, मर्यादित खुर्च्या. त्या केशवरावांच्या नावाचे आमचे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, जळाले. त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो आणि त्याविषयी इथे जास्त लिहिणे मला जमणार नाही.

शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या दौऱ्याचा. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री आणि अहमदाबादला दोन रात्री केल्या. त्याच महिन्याच्या 30 तारखेला एड शीरन पुण्यात होता. कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेसने नवी मुंबईच्या कार्यक्रमाला गेलेली पोरे मला माहीत आहेत. तिकिटापेक्षा त्यांचा राहण्याचा खर्च जास्त झाला. तेव्हा प्रेक्षक आहे. अडचण वेगळी आहे. आपली मोठी मैदाने क्रिकेटची, त्यांची खेळपट्टी आणि हंगाम सांभाळून तारीख मिळते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मिळणारी बारापर्यंतची सवलत बहुतेक सणांतच संपते. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्यापुढे 18 टक्के, त्यामुळे 500 ची पायरी ओलांडताना आमच्यासारख्याचा हात थरथरतो.

तुम्हाला स्वतःला असा दौरा काढायचा असेल, असे प्रश्नाच्या सुरावरून वाटते, म्हणून व्यवहाराचे एवढेच सांगतो. बारा गावे घेऊ नका. कोल्हापूर, पुणे आणि ठाणे अशी तीन घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी शनिवार-रविवार मिळून तीन खेळ धरा, म्हणजे ट्रस तीनदाच उभा राहील. 700 खुर्च्या, सरासरी 400 रुपये आणि नऊ खेळ धरले तर पूर्ण भरल्यास गल्ला 25 लाख 20 हजार होतो; खर्चाचा अंदाज मात्र निम्म्या खुर्च्यांवर करा. जाहिरातीत सुरुवातीला शनिवारचा एकच खेळ छापा. त्याचा प्लॅन तीन-चार दिवसांत भरला, तरच रविवारचे दोन खेळ जाहीर करा. तारखा मात्र नाट्यगृहाकडे आधीच अडवून ठेवा आणि अनामत परत मिळण्याची मुदत पावतीवर लिहून घ्या.